पिंपाची हनुवटी

काकांनी आपल्या गाडीला जी हनुवटी बसवली, ती पावसाचं पाणी साठवायच्या निळ्या पिंपातून कापलेली होती, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे कुणाला धक्का बसायला नको. काका चांगले शिकलेसवरलेले होते हेही सांगते, कारण पिंप म्हटलं की लोकांचा भलताच समज होतो. जन्म कऱ्हाडचा, इंजिनीअरिंग पुण्याला आणि त्यानंतरचा सगळा जन्म फ्रँकफर्टला.

आमच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर तपासायचे, आणि आम्ही सगळी मराठी पोरं त्यांना काका म्हणायचो. आम्ही काहीतरी बनवायचं आणि काकांनी ते कुठे मोडतं ते शोधून काढायचं, अशी वाटणी होती. बँकेच्या ॲपमधल्या एका बटणाचा हिरवा रंग जरा गडद केला, तरी काका तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. "आल्झो, तर मग, बेसिकपासून सुरुवात करू," म्हणत ते खुर्ची पुढे ओढायचे. मग फायराबेंड, म्हणजे कामाची वेळ संपून जर्मन मंडळी घरी पोचायची, जेवायची, बातम्या बघायची, तरी इकडे काकांचं बेसिक चालूच. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते एक वाक्य ऐकवायचे, "वापरणारा मूर्ख आहे असं धरून चालायचं. वापरणारे आपण स्वतः असलो तरी."

असा हा ताकही फुंकून पिणारा माणूस, गाडी मात्र थेट बायकोवर तपासून मोकळा झाला.

गाडी अमेरिकन. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरांची, रंग झेंडूचा. आमच्या भागात पूर्वी अमेरिकन सैनिकांचे तळ होते. परत जाताना त्यांनी बऱ्याच गाड्या इथेच विकल्या आणि त्या हातोहाती फिरत राहिल्या. ही एका निवृत्त बेकरीवाल्याकडे येऊन थांबली होती. त्याच्या बायकोनं त्याला "ही राहील नाहीतर मी" असं सांगितलं होतं म्हणे. काकांनी हा किस्सा मला खूप हसत हसत सांगितला. त्यातून घ्यायचा तो बोध घेणं त्यांना सुचलं नाही.

गाडी पाच मीटरच्या आसपास लांब आणि काकांनी भाड्यानं घेतलेलं गॅरेज तिच्यापेक्षा वीतभर आखूड. त्यामुळे दार लागायचं नाही, गाडीचं नाक बाहेर राहायचं, आणि त्या नाकावर काका सोलापुरी चादर पांघरायचे. शेजारच्या इमारतीतल्या आजीबाई रोज फिरायला जाताना तिथे थांबून विचारायच्या, "अजून आजारीच का?"

वीतभर हा काकांचाच शब्द. ते जर्मनीत राहून, जर्मन लोकांमध्ये बसून, सगळं वितीत आणि बोटांत मोजायचे. एकदा आमच्या टीममधल्या एका शांत, सरळ जर्मन मुलाला त्यांनी सांगितलं, "हा मजकूर दोन बोटं डावीकडे घे." तो बिचारा आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "कुणाची बोटं?"

"माझी," काका म्हणाले. "स्टँडर्ड आहेत."

तर पहिल्याच उन्हाळ्यात काका काकूंना शेजारी बसवून दार्मश्टाटच्या बाजूला आउटोबानवर निघाले. त्या रस्त्यावर मधल्या काही टप्प्यांत वेगाला मर्यादा नाही. आणि मर्यादा नाही म्हणजे सक्ती आहे, अशी आपल्या बऱ्याच लोकांची प्रामाणिक समजूत असते. काकांनी एकशे सत्तर गाठलं. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचं तोंड म्हणजे वीट असते. वीट आणि वर आ वासलेला. सरळ जायला त्या उत्तम. पण वेग वाढला की समोरची हवा पोटाखाली घुसते आणि गाडीचं नाक वर उचलते. चाकं रस्त्याला टेकलेली दिसतात, पण त्यांच्यावर वजन उरत नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीला ते जरा उशिरानं कळतं. एका पुलावर आडवा वारा आला आणि काकांची झेंडू आपली लेन सोडून शेजारच्या लेनमध्ये जाऊन बसली. शेजारी एक ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरनं जो भोंगा वाजवला, तो काकू सांगतात की अजून वाजतोय.

गाडी परत लेनमध्ये आली. कुणाला काही झालं नाही. काकूंनी पुढच्या गावात गाडी स्टेशनसमोर थांबवायला लावली, पर्स घेतली, रेगिओनालबानचं तिकीट काढलं आणि एकट्या घरी आल्या. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत.

सोमवारी काका ऑफिसात आले आणि म्हणाले, "नाक उचलतं."

मी विचारलं, "आणि काकू?"

"ती घाबरली. साहजिक आहे. नाक उचलल्यावर कुणीही घाबरेल. नाक खाली ठेवलं की प्रश्न मिटला."

घरी जाऊन बायकोशी दोन शब्द बोलावेत, हा एक उपाय होता. त्याला सामान लागत नव्हतं, भोकं पाडावी लागत नव्हती, बहुधा म्हणूनच काकांना तो सुचला नसावा.

या सगळ्यात मी आले ती माझ्या शिक्षणापायी. मी आखनला हवेच्या प्रवाहाचा अभ्यास केला होता आणि पदवी घेऊन बँकेचं ॲप लिहायला लागले होते. आमच्या पिढीत हे इतकं नेहमीचं आहे की त्याबद्दल कुणी सहानुभूतीसुद्धा दाखवत नाही. काकांना मात्र हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं आणि मिठाची, मिऱ्याची डबी गाडीसारखी मांडून विचारलं, "बोल. हवा कुठे अडवायची?"

मी सांगितलं की समोर बंपरखाली एक उभी पट्टी लावतात, तिला स्पॉयलर म्हणतात. तिच्यामुळे हवा पोटाखाली कमी जाते आणि नाक खाली राहतं. "त्या काळात खुद्द कंपनीच अशा पट्ट्या बसवून द्यायची. आजही मागवता येतात," असंही म्हणाले.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दिवाळीत दुकानातून चकल्या आणा म्हटलं होतं.

"विकतची?" ते म्हणाले. "हनुवटी विकतची?"

तेव्हापासून आमच्यात स्पॉयलर हा शब्द बंद झाला. हनुवटी.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला आम्ही चारपाच जणं त्यांच्याकडे गेलो, तर बैठकीच्या खोलीत फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला. गाडीच्या नाकाचं माप त्यावर पेन्सिलीनं काढलेलं. काका गुडघ्यांवर बसून कात्री चालवत होते. आम्ही पाहुणे भिंतीला चिकटून, एकमेकांचे दंड धरून सोफ्यापर्यंत पोचलो.

काकू ताटल्या घेऊन आल्या. "पुठ्ठ्यावर पाय देऊ नका हं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर दिला तर चालेल."

काकांची मुलगी सतरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "पापा, दास इस्ट पाइनलिश."

"लाज वाटते म्हणतेय," काकूंनी आमच्यासाठी सांगितलं.

"वय आहे लाज वाटायचं," काका पुठ्ठ्यातून वर न बघता म्हणाले. "जाईल."

पहिली हनुवटी बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून आली. हिरवळीच्या कडेला माती सरकू नये म्हणून जी काळी प्लास्टिकची पट्टी लावतात, तिचं भेंडोळं आणून काकांनी ती बंपरखाली स्क्रूंनी बसवली. दिसायला झकास. एकशे तीसपर्यंत तिनं अब्रू राखली. त्यानंतर वाऱ्यापुढे ती मागे दुमडली आणि गाडीच्या पोटाला फडाफडा मारायला लागली. काका परत आले तेव्हा गाडीखालून तिचा अर्धा भाग लोंबत होता.

"मटेरियल मऊ पडलं," काका म्हणाले. बाजूच्या लेनमधल्या लोकांच्या जिवाबद्दल मी दोन कडक वाक्यं बोलले, तेव्हापासून मात्र पुढची प्रत्येक हनुवटी त्यांनी आधी पायानं लाथा घालून बघितली. गॅरेजसमोर पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस स्वतःच्या गाडीला तोंडावर लाथा घालतोय, हे दृश्य त्या आजीबाईंनी कसं पचवलं ते मला माहीत नाही.

दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. ती दुमडली नाही. ती गायली. एकशे वीसला तिनं काळी पाच पकडली आणि सोडायलाच तयार होईना. शिवाय पत्रा एवढा खाली आला होता की गॅरेजच्या उतारावर पहिल्याच दिवशी घासून त्याची कड वर वळली आणि काकांची पोटरी कापली. काकूंनी मुकाट्यानं पट्टी बांधली. काकू हॉस्पिटलात नर्स आहेत, त्यांना जखमेचं कारण विचारायची सवय आहे. त्यांनी विचारलं नाही.

मग पिंप. आमच्याकडे श्पेरम्युलचा दिवस असतो, म्हणजे लोक नकोसं झालेलं मोठं सामान रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि महापालिकेची गाडी ते उचलून नेते. त्या गाडीच्या आधी काका निघायचे. एका बागेबाहेर त्यांना ते पिंप दिसलं. जाड, चिवट प्लास्टिक, आणि गोलाई अशी की गाडीच्या नाकाला नेमकी बसावी. ते पिंप त्यांनी एस-बाननं घरी आणलं. तिकीट तपासणाऱ्या बाईनं पिंपाकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमच्यासोबत आहे का?"

"हो," काका म्हणाले. "पण ते उभंच राहणार आहे."

ही हनुवटी मात्र शहाण्यासारखी झाली. पिंपाचा अर्धगोल कापला, गरम हवेच्या बंदुकीनं त्याच्या कडा वळवल्या, मागून गाडीच्या सांगाड्यापर्यंत चार दांड्या नेऊन तिला टेकू दिला, काळा रंग मारला. मी सांगितलेलं त्यांनी तीन ठिकाणी मोडीत काढलं आणि त्यातलं एक ठिकाण बरोबर निघालं. उरलेल्या दोन ठिकाणांवर त्यांनी नंतर गुपचूप माझ्या म्हणण्यासारखं केलं आणि "बघ, मी म्हणत होतो" असं मलाच ऐकवलं.

आता ती चालते हे कसं ठरवायचं? काका म्हणाले, "हवा आपल्याला वाटण्यावर चालत नाही. मोजायचं." त्यांनी काकूंची विणकामाची एक लांब गुलाबी सुई घेतली, उजव्या पुढच्या चाकाच्या आर्मला जाड तारेनं बांधली, आणि तिचं टोक बॉनेट आणि मडगार्डमधल्या फटीतून वर काढलं. सुई चाकाबरोबर राहणार. नाक वर उचललं की सुई आत बुडणार. शेजारी बसणाऱ्यानं ती किती बुडाली ते सांगायचं.

शेजारी बसणारी मी.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी पाय लांब करायला सीट मागे घ्यायला गेले तर काका जवळजवळ ओरडले, "ती हलवू नकोस! तिच्या मापाची आहे."

मी हात काढून घेतला. सीटवर एक छोटी उशी होती, पाठीला आधार द्यायची. पट्टाही नवा, तीन ठिकाणी अडकणारा. काकूंनी ज्या दिवशी रेगिओनालबान पकडली, त्यानंतर त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं, आणि तरी तिथे काचेवर धूळ नव्हती. गुडघे छातीशी घेऊन मी सुईकडे बघत बसले.

आधी हनुवटीशिवाय. एकशे वीस, एकशे चाळीस. गुलाबी टोक हळूहळू खाली जायला लागलं. "एक बोट," मी म्हणाले. एकशे साठ. "दीड बोट. काका, दोन." स्टिअरिंग धरलेले त्यांचे हात रिकामी पिशवी धरल्यासारखे सैल दिसायला लागले होते. आखनला मी हेच आकडे कागदावर सोडवले होते आणि त्यांची मला कधीही भीती वाटली नव्हती. "पुरे," मी म्हणाले, आणि काकांनी पाय उचलला.

मग पार्किंगमध्ये थांबून हनुवटी चढवली आणि पुन्हा निघालो. एकशे चाळीस, एकशे साठ, एकशे ऐंशी. सुई जागची हलायला तयार नाही. गाडी अशी चालली होती की कुणीतरी तिच्या नाकावर तळहात ठेवून तिला खाली धरलंय. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. काकांनी काही ओरडबिरड केलं नाही. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आता बसेल ती," एवढंच म्हणाले.

मध्ये एक अडथळा होता, जर्मनी. इथे गाडीला नवीन आरसा लावलात तरी सरकारमान्य तपासनीस तो बघणार, मग तो गाडीच्या कागदांवर चढणार. पिंपाला तर बघायलाच हवं. तपासनीस बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्या गुडघ्यावर बसल्या, हनुवटी दोन्ही हातांनी ओढली, नखानं वाजवली.

"मटेरियल?"

"रेगनटोने," काका म्हणाले. पावसाचं पिंप.

बाई काही बोलल्या नाहीत. जर्मन माणूस काही बोलत नाही तेव्हा तो विचार करतोय की निघून जायच्या तयारीत आहे, हे इतक्या वर्षांनीही मला ओळखता येत नाही. काकांनी ती शांतता भरून काढायला आपला चाचणी अहवाल पुढे केला. चाळीसेक पानं, त्यात मूर्ख वापरकर्त्याचं स्वतंत्र प्रकरण. बाईंनी तो चाळला, परत दिला, आणि म्हणाल्या, "कड धारदार आहे. माणूस धडकला तर?"

काकांनी कड गोल करून आणली. मग बाईंना टेकूच्या दांड्या जाड हव्या होत्या. त्या केल्या. मग बोल्ट. मग बाईंनी स्वतः गाडी चालवून बघितली आणि उतरल्यावर पहिल्यांदाच आपणहून एक वाक्य बोलल्या, "छान धरते." या आधीच्या चाचण्या तुम्ही कुठल्या परवानगीनं केल्या, हे त्यांनी विचारलं नाही, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारलेलं काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे साक्षीदार म्हणून. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडलेला, त्यावर आलेख. निळी रेघ हनुवटीशिवाय, हिरवी हनुवटीसह. काकू तव्यावर थालीपीठ थापत होत्या.

"अगं, ये ना इकडे. बघ तरी."

"दिसतंय इथून."

"एकशे ऐंशीला नाक एक बोटभरसुद्धा उचलत नाही. आता घाबरायचं कारणच उरलं नाही."

काकूंनी थालीपीठ उलटलं. "छान झालंय," त्या म्हणाल्या. "मी नाही बसणार."

काका माझ्याकडे बघायला लागले, जणू आलेख वाचायला मी चुकले होते. मुलगी मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "मामा हाट रेश्ट." आईचं बरोबर आहे. काकांनी लॅपटॉप मिटला, "हिरवी रेघ जरा फिकट आलीये" असं काहीतरी पुटपुटले आणि गाडी झाकायला निघून गेले.

मी ताटल्या ठेवायला स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "काकू, खरंच सुरक्षित आहे हो आता. मी स्वतः बसले होते."

"मला वेगाची भीती वाटते असं त्यांनी सांगितलंय ना तुला?" काकू म्हणाल्या. "अगं, मी पहाटेच्या ड्यूटीला रोज आउटोबाननंच जाते. माझी गाडी म्हणजे एवढीशी डबी, पण रस्ता मोकळा असला तर दीडशेच्या खाली येत नाही मी. वेगाची कसली भीती?"

"मग?"

"मी त्या दिवशी हळू म्हणाले. पूल यायच्या आधी. मग पुन्हा म्हणाले. मग त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाले." त्यांनी गॅसची शेगडी पुसायला घेतली. शेगडी स्वच्छ होती. "इंजिनाचा आवाज केवढा असतो त्या गाडीत. ऐकू आलं नसेल. जाऊ दे."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

"कधी सांगू? घरी आल्या आल्या पुठ्ठे कापायला बसले."

इतके महिने आम्ही दोन इंजिनीअर हवा अडवत होतो. इतक्यात काका चादर विसरली म्हणून परत आले. काकूंनी हात पुसले, बाहेर गेल्या आणि त्यांच्यापुढे तळवा धरला.

"अहो, किल्ली द्या."

"कशाची?"

"तुमच्या झेंडूची. रविवारी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा." मग माझ्याकडे वळून, "तूही ये गं. मागे बसायला कुणीतरी हवं."

काकांनी किल्ली दिली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांच्या अहवालात नव्हतं. पण रविवारपर्यंत त्यांनी मला ऑफिसात तेरा प्रकारच्या शंका विचारल्या. तिला क्लच जड जाईल का? तिला लांब बॉनेटचा अंदाज येईल का? मी म्हटलं, "काका, वापरणारा मूर्ख आहे असं धरून चाला." ते त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी ऊन होतं, रस्ता मोकळा होता. मागची सीट ही त्या गाडीत एक अफवाच होती. मी तिथे आडवी, अर्धी सीटवर आणि अर्धी थर्मासच्या पिशवीवर अशी मावले. पुढे काका काकूंच्या मापाच्या सीटवर गुडघे दुमडून बसले होते. काकूंनी आरसे लावले, एकदा मागे बघितलं, आणि निघाल्या.

सुरुवातीला काका सूचना देत होते. गिअर, आरसा, तो पांढरा टेम्पो. काकू "हो" म्हणत होत्या आणि आपल्याला हवं ते करत होत्या. मर्यादा संपल्याचा फलक गेला तशी त्यांनी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली आणि पाय दाबला. एकशे चाळीस. एकशे साठ. आठ सिलिंडर एकदम बोलायला लागले. गाडी रेघेवर ठेवल्यासारखी जात होती. पिंप आपलं काम चोख करत होतं. काकांच्या सूचना थांबल्या. एकशे सत्तरला त्यांचा उजवा हात दारावरच्या दांडीला गेला. एकशे ऐंशीला डावा हात डॅशबोर्डवर. समोर तोच पूल दिसायला लागला.

"जरा हळू," काका म्हणाले.

मोठ्यानं नाही. मी मागे होते, इंजिन गर्जत होतं, तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं.

काकूंनी लगेच पाय उचलला. काही विचारलं नाही, त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. आकडा खाली येत गेला, गाडी उजव्या लेनमध्ये आली आणि पूल आम्ही एका भाजीच्या ट्रकमागून, अगदी सावकाश ओलांडला. पिंपाला तिथे काही काम नव्हतं.

पुढच्या पार्किंगमध्ये काकूंनी गाडी झाडाखाली लावली. इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं की तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी मागून थर्मास पुढे दिला. काकूंनी झाकणात चहा ओतला आणि काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला, पण प्याले नाहीत.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "तू म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं."

काकूंनी थर्मासचं बूच नीट बसवलं.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ट्रेननं गेले."